पुढची पाळी

"काय गो सिस्टर, आज कोन खोकला?"

संध्याकाळी उपकेंद्राला कुलूप लावून मी घरी आले की ओट्यावरून हा प्रश्न यायचा. दमलीस का, चहा घेतेस का, असली विचारपूस नाही; थेट हेच. सुरुवातीला मी हसून म्हणायचे, "कुणी नाही बाय, सगळे ठणठणीत." पण तेवढ्यावर माझी सुटका नसे. मग ती घरागणिक चौकशी करायची. आंतोन आबांचा दम कसा आहे, चर्चमागच्या म्हातारीने बीपीची गोळी घेतली का, भट्टीवाल्याच्या सुनेला सातवा लागलाय तर ती अजून विहिरीवर का जाते. सगळी वाडी जिवंत आहे अशी खात्री पटली की ती छातीवर क्रूस करायची आणि मग माझ्यापुढे चहा यायचा.

ती माझी घरमालकीण. अलिबागच्या खाली, खाडीच्या तोंडाशी ते गाव आहे. एका अंगाला कोळीवाडा, दुसऱ्या अंगाला चाळीसेक घरांची ख्रिस्ती वाडी. मी तिथल्या सरकारी उपकेंद्रात दोन वर्षं नर्स होते. वाडीत 'सिस्टर' म्हटलं की लोकांना आधी मठातली सिस्टर आठवायची, त्यामुळे पहिल्या आठवड्यात दोन म्हाताऱ्यांनी गुडघेदुखीवर माझ्याकडे गोळी नाही, प्रार्थना मागितली. मी आपली कराडकडची, घाटावरची. मला ना मासे कळत, ना प्रार्थना. बायने मला खोली दिली ती मात्र मी नर्स आहे हे कळल्यावर, दुसरा एकही प्रश्न न विचारता. मला वाटलं, काय देवमाणूस भेटलं.

खोली ऐसपैस होती. खोट एकच. खिडकी उघडली की समोर दफनभूमी.

आमच्याकडे स्मशानावरून जायची वेळ आली तर आई घरात घेण्याआधी पायावर पाणी घालायची. इथे मी उशाशी तीस-चाळीस थडगी घेऊन झोपणार होते. पहिल्याच दिवशी मी खिडकीवर चादर बांधली. बायने दुसऱ्या दिवशी ती सोडून, घडी घालून माझ्या हातात दिली. "वारा अडवू नको. ही मानसं काय करनार गो तुला? भ्यायचं तर जित्यांना भी. कवा मरतील नेम न्हाय."

तेव्हा मला ते वाक्य तऱ्हेवाईक वाटलं. ते तिने किती मोजून उच्चारलं होतं, हे कळायला मला तीन महिने लागले.

वयाने ती पासष्टीची असेल. काटकुळी, गुडघ्यापर्यंत ओढलेलं लुगडं, गळ्यात जपमाळ आणि पायात मुलाच्या मापाचे मोठे रबरी बूट. सकाळी ती फेरीवर निघायची. हातात पेजेचा डबा. ज्याच्या घरातून कण्हण्याचा आवाज येईल तिथे डबा घेऊन हजर. म्हाताऱ्यांना पेज भरवायची, आणि पेज भरवतानाच दमही भरायची. "यंदा मरायचं न्हाय हां. सांगून ठेवते." माडावर चढलेल्या माणसाखाली उभं राहून ती तो उतरेपर्यंत शिव्या घालायची. मोटरसायकलवरून सुसाट जाणाऱ्या पोरांच्या वाटेत आडवी उभी राहायची. एकाला तर तिने थांबवून स्वतःची ॲल्युमिनियमची पातेली डोक्यावर घालायला लावली होती. वाडीत हशा पिकायचा. कुणी म्हणे, बाय म्हणजे वाडीची आई. कुणी म्हणे, पोरगा दर्यात गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय. मी पहिल्या गटातली. माझ्या निम्म्या रुग्णांना तीच हाताला धरून आणायची, माझे रक्तदाबाचे तक्ते तिच्यामुळेच भरायचे, मी कशाला नावं ठेवू?

फक्त एक गोष्ट मला खटकायची. तिच्या मायेला हद्द होती. कोळीवाड्यातल्या कुणाला ताप आला तर ती "बघ जाऊन" एवढंच म्हणायची. मला स्वतःला एकदा जुलाब झाले, मी तीन दिवस आडवी होते, तर बाय दारातून डोकावून म्हणाली, "तुजं काय न्हाय. तू मेलीस तरी तुला जालतील." आणि गेली पेज घेऊन आंतोन आबांकडे. मी आडवी पडल्या पडल्या चिडले होते. भाडेकरणीपेक्षा शेजारचा म्हातारा मोठा? चर्चमागच्या म्हातारीच्या मुलाला तर तिने महिनाभर भुणभुण लावली होती की आईला मुंबईला घेऊन जा. मी म्हटलं, "अहो, त्यांना इथलीच हवा मानवते." तर म्हणते, "हवा ऱ्हाऊदे. तिकडं सिमेट्री मोठी हाय." शेवटी नेलं त्या मुलाने. म्हातारी एसटीत बसून रडत होती आणि बाय समाधानाने हात हलवत होती. मला तेव्हा तिची पहिल्यांदा भीती वाटली.

मग सप्टेंबरात ती एक दिवस उपकेंद्रात आली. गर्दी सरेपर्यंत बाकावर बसून राहिली. सगळे गेल्यावर टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाली, "सिस्टर, पाळी पुढं ढकलता येते काय गो?"

सणासुदीच्या तोंडावर हा प्रश्न मला रोज दहाजणी विचारतात. गौरी आल्या, पूजा आली, लग्न आलं की बायका गोळ्यांसाठी येतात. मी सवयीने हात कपाटाकडे नेला आणि मध्येच थांबले.

"कुणाची पाळी, बाय?"

"माज्या पोराची."

मी हसले. खरंच हसले, आता आठवलं की लाज वाटते. ती हसली नाही. टेबलावरची माझी पट्टी आणि पेन जवळ ओढून तिने मला समजावून सांगितलं, पट्टी म्हणजे समुद्राकडची भिंत, पेन म्हणजे रस्ता. दफनभूमी या दोहोंमध्ये अडकलेली. वाढवायला वीतभर जागा नाही. जुन्या दगडी कबरी सोडल्या तर बाकी सगळ्या कच्च्या, मातीच्या. वाडीत कुणी गेलं की यादीतली सगळ्यात जुनी कच्ची कबर उघडतात. आतली हाडं घरच्यांच्या देखत काढतात, धुतात, पांढऱ्या फडक्यात बांधून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि त्या खड्ड्यात नवं माणूस जातं. याला वाडीत पाळी म्हणतात. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. आजोबांच्या जागी नातू निजतो, बरंच आहे की, सोबत होते, असंच सगळे म्हणतात.

"आता फुडची पाळी माज्या पोराची हाय," ती म्हणाली. "वाडीतला जो कोन पयला मरंल, त्याच्यासाटी त्याला उकरतील."

मी कपाटाला कुलूप लावलं. पेज, पातेली, मुंबईला धाडलेली म्हातारी, माझे जुलाब, सगळं एका क्षणात जागच्या जागी बसलं. चाळीस घरांवर ती एकटी पहारा देत होती.

त्या दिवसानंतर तिची भीती मला लागली. रोग लागतो तशी. संध्याकाळी ती विचारायच्या आतच मी सांगू लागले, कोण खोकलं. रुग्ण तपासताना हा हिंदू की ख्रिस्ती, हे माझ्या मनात आधी यायला लागलं. मी सरकारी नर्स, शपथ घेतलेली. पण कोळीवाड्यातला ताप तापासारखा वाटायचा आणि ख्रिस्ती वाडीतला ताप आला की मी रात्री पुन्हा एकदा बघून यायचे.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला वाडीतली माणसं आपापल्या कबरी सजवतात. आठवडाभर आधीपासून तयारी चालते. खाऱ्या वाऱ्याने वर्षभरात चुना पापुद्रे धरतो, तो काथ्याच्या कुंच्याने खरवडून नवा देतात. क्रूसावरची नावं काळ्या रंगाने पुन्हा गिरवतात. नागावहून टोपल्या भरून झेंडू येतो. मुंबईला, न्हावा शेव्याला नोकरीला असलेली मुलं गाड्या करून येतात आणि बायको-पोरांसकट तण उपटायला बसतात. मेणबत्त्या वाऱ्याने विझू नयेत म्हणून पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या अर्ध्या कापून त्यात लावतात. संध्याकाळी फादर पवित्र पाणी शिंपडत ओळीओळीने फिरले, तेव्हा प्रत्येक कबरीशी एक कुटुंब उभं होतं. कुणी रडत होतं, कुणी डब्यातून आणलेला केक पोरांना वाटत होतं. मी खिडकीतून बघत होते आणि त्या दिवशी मला त्या थडग्यांचं भय वाटलं नाही.

बाय मात्र आठवडाभर नाही, महिनाभर आधीपासून लागली होती. बाकीच्यांची सजावट म्हणजे फुलं. हिची म्हणजे तटबंदी. एके दुपारी तिने मला दोन कळशा पाणी आणायला सांगितलं. झाडांना असेल म्हणून मी नेलं, तर ही पोराच्या कबरीवर सिमेंट कालवून थापत होती. "पक्की झाली म्हंजे पाळी येत न्हाय," असं तिचं गणित. मी हातात कळशी घेऊन उभी आणि बस्त्याव धावत आला. हा तिथला खड्डे खणणारा, चर्चची घंटा वाजवणाराही तोच. "बाय, काय करतेस? कमिटी मला फाडून खाईल!" त्याने ओलं सिमेंट फावड्याने ओरबाडून काढलं. ती कबरीवर आडवी पडली. दोघांची झटापट चालू असताना मी सरकारी कर्मचारी, पळून आले. दुसऱ्या दिवसापासून बायने शिंपले आणायला सुरुवात केली. हजारो शिंपले एकाला एक लावून ओल्या मातीत दाबले. दोन तारखेला सगळी वाडी तिने सजवलेली कबर बघायला जमली, इतकी ती सुंदर दिसत होती.

त्याच दिवशी कोळीवाड्यातली हिराबाय अबोलीचा गजरा घेऊन दफनभूमीच्या फाटकाशी आली. ही मासे विकणारी. रोज आमच्या दारात यायची. बाय जगाशी दरावरून भांडायची, पण हिराबायशी नाही. टोपलीत उरलेले, डोळे लाल झालेले बांगडेसुद्धा ती मुकाट्याने घ्यायची आणि मग मांजरांना घालायची. हिराबाय दर वर्षी गजरा आणते, फाटकाच्या आत येत नाही, बायच्या हातात देते आणि जाते, असं बस्त्याव म्हणाला. त्या संध्याकाळी मी दोघींना बघितलं. गजरा देताना हिराबायने बायच्या खांद्यावरून आत बघितलं आणि बायने खांदा किंचित हलवून तिची नजर अडवली. मला ते आवडलं नाही, पण का आवडलं नाही ते कळलंही नाही.

जानेवारीत आंतोन आबांना न्यूमोनिया झाला. दुपारी मी गेले तर श्वास मोजवत नव्हता इतका जलद. बाय त्यांच्या उशाशी बसून ओरडत होती, "आबा, डोळं उगड! सांगितलं व्हतं ना तुला!" रुग्णवाहिका येईपर्यंत मी ऑक्सिजन लावून बसले. ज्या माणसाचा जीव माझ्या हातात होता त्याच्या चेहऱ्याकडे माझं लक्ष नव्हतं; माझ्या डोळ्यांपुढे शिंपल्यांवर पडणारं फावडं होतं. आबांच्या सुनेने माझे हात धरून म्हटलं, "सिस्टर, तुम्ही घरच्यासारखं बघितलंत." आबा वाचले. मला मात्र त्या सुनेच्या डोळ्याला डोळा देता येईना.

आबा घरी आले त्या रविवारी बाय ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. मी केस वाळवत बसले होते. तिने शेंगेवरून नजर न काढता विचारलं, "इस्पितळात सळई घालतात ना गो, हाड मोडलं की? ती मातीत किती वरसांनी गंजते?"

"ती नाही गंजत, बाय. ते स्टील वेगळं असतं. शंभर वर्षं तशीच राहील."

शेंगा तिच्या मांडीवरून घरंगळल्या. ती पांढरी पडली. मी नाडी धरायला गेले तर तिने माझा हात झटकला आणि मग सगळं बोलली. एका दमात, खालच्या आवाजात, फाटकाकडे बघत.

आठ वर्षांपूर्वी होडी उलटली तेव्हा तिच्यावर पाच जण होते. तिघं पोहून आले. राहिले दोघं, बायचा मुलगा आणि हिराबायचा मुलगा. एका वयाचे, एका बांध्याचे, जिवाचे दोस्त. होडीवाल्याने नारळी पुनवेला सगळ्या खलाशांना एकसारखे पिवळे टी-शर्ट दिले होते, तेच अंगात. बारा दिवसांनी किहीमच्या किनाऱ्याला एक देह लागला. एकच. दोन्ही आयांना ओळख पटवायला नेलं.

"तोंड नव्हतंच गो. कातडी नव्हती. खाली पिवळा कपडा. हिरा बगत ऱ्हायली, बोलली, मना काय समजत न्हाय. आन मी हात ठेवला. बोलले, माजा. पोलिसांनी लिवून घेतलं."

तिच्या मुलाच्या उजव्या मांडीत सळई होती. मोटरसायकलवरून पडला तेव्हा अलिबागला ऑपरेशन झालं होतं. त्या देहाची मांडी चाचपली असती तर तिथेच निकाल लागला असता.

"हात न्यायचा व्हता. नेला न्हाय," ती म्हणाली. "सळई नसती तर मी काय घेऊन घरी येनार व्हते?"

हिराबायने दर्भाचा पुतळा करून जाळला. बायने पेटी पुरली. तेव्हापासून ती रोज त्या कबरीशी जाते, पण एकदाही रडली नाही. आत कोण आहे हेच ठाऊक नाही, तर रडायचं कुणासाठी? आणि कबर बंद आहे तोवर तिचं खरं आहे. उघडली की बस्त्याव हाडं वेचणार, फडक्यावर मांडणार, आणि सगळ्या वाडीदेखत ती चोर ठरणार. दुसरीचं पोर पळवणारी चोर. "मला लोकांचं भय न्हाय गो," ती म्हणाली. "हिराचं हाय."

मी त्या संध्याकाळी खिडकी लावून घेतली.

त्यानंतर वर्षभर आम्ही दोघींनी मिळून वाडी जगवली. खोटं कशाला बोलू, मी इतकी चांगली नर्स पुन्हा कधीच झाले नाही. आणि मग फेब्रुवारीत, सकाळी दहा वाजता, चर्चमध्ये गाणाऱ्या रोझीताई कपडे वाळत घालताना दोरीखाली कोसळल्या. वय बावन्न. कधी खोकल्या नाहीत, कधी उपकेंद्राची पायरी चढल्या नाहीत. मी पोचले तेव्हा काही उरलं नव्हतं. ज्यांच्यावर आमचा पहारा होता ते सगळे म्हातारे त्यांच्या अंगणात जमून रडत होते.

बाय घरी ओट्यावर बसली होती. घंटा तिने ऐकली होती. मी समोर उभी राहिले तर म्हणाली, "हिच्याकडं कवा पेज नेलीच न्हाय." आणि मग, "सिस्टर, उद्या तू चल. तू हाडं ओळकतेस. तू बग आन मला सांग. मी बगनार न्हाय."

मी हो म्हटलं. त्या हो-मध्ये दुसरंही एक हो होतं. सळई नसली तरी मी 'आहे' म्हणायचं ठरवलं होतं. बस्त्यावला तरी काय कळणार होतं?

सकाळी सातला मी तिच्या दारात गेले तर घर उघडं आणि बाय नाही. विहिरीपर्यंत धावत गेले, डोकावून बघितलं, किनाऱ्याकडे बघितलं. मग ती दिसली. कोळीवाड्याकडून येत होती, ते मोठे रबरी बूट फरफटत, आणि तिच्यामागून हिराबाय. वाटेत तिने हिराबायला सगळं सांगितलं होतं. दोघींच्या चेहऱ्यांवरून ते दिसत होतं. हिराबाय घाईघाईने चालत होती. नऊ वर्षं फाटकाशी थांबणारी ती बाई त्या दिवशी कुणाला न विचारता आत गेली.

बस्त्यावने आधी शिंपले काढले. ते काढायलाच अर्धा तास गेला. मग माती. पेटीचं लाकूड भुगा झालं होतं. तो खड्ड्यात उतरला आणि एकेक हाड वर देऊ लागला. मी ते पांढऱ्या फडक्यावर मांडत होते. शिकताना वर्गात सांगाडा होता, तारेला टांगलेला, पुसून लख्ख केलेला. हे तसं नव्हतं. हे ओलं, तपकिरी आणि जड होतं. बाय भिंतीकडे तोंड करून उभी होती. हिराबाय कडेशी उकिडवी बसून प्रत्येक हाडाकडे बघत होती. तिच्या तोंडावर आशा होती. माझ्या आयुष्यात मला कुणाच्या आशेची इतकी भीती वाटली नाही.

बस्त्यावने मांडीचं हाड वर दिलं. मी त्याची माती अंगठ्याने काढली. गुडघ्याकडच्या टोकाशी स्क्रूचं गोल डोकं होतं, त्यावरची खाचसुद्धा स्वच्छ. वरच्या टोकातून सळईचं तोंड दिसत होतं.

"बाय," मी म्हटलं, "आहे."

ती वळली नाही. तिला वाटलं, मी ठरल्याप्रमाणे खोटं बोलते आहे. आमचं काहीच ठरलं नव्हतं, पण ती मला ओळखत होती. मी हाड घेऊन तिच्याजवळ गेले आणि तिचं बोट धरून स्क्रूवर टेकवलं. तिने ते बोट तिथे गोल फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग दोन्ही हातांनी ते हाड छातीशी धरून ती मटकन खाली बसली.

"तूच व्हतास रे? आन मी नऊ वरसं परक्यागत बसले तुज्याजवळ."

आणि ती रडली. नऊ वर्षांचं साचलेलं ते रडणं ऐकवत नव्हतं. बस्त्याव खड्ड्यात टोपी काढून उभा राहिला.

हिराबाय तशीच उकिडवी बसली होती. फडक्याकडे बघत. तिने माझी साडी ओढली. "सिस्टर, दुसरा पाय बगितलास? त्यात हाय काय सळई?"

"नाही. एकाच पायात असते."

"मग त्यो माज्या पोराचा आसंल," ती म्हणाली. "दोगं संगतीनंच जेलं. पान्यात एकाचा एकात मिसळला आसंल. हाय ना?"

बायचं रडणं थांबलं होतं. ती गुडघ्यांवर फडक्यापर्यंत सरकली. रांगेत मांडलेल्या हाडांवरून तिचा हात फिरला आणि डाव्या पायाच्या बोटाचं एक लहान हाड तिने उचललं. पदराने पुसलं. हिराबायच्या ओटीत ठेवलं.

"हा तुजा," बाय म्हणाली.

बस्त्यावने पाठ फिरवली आणि उगाच माती सारखी करू लागला. हिराबायने ओटीचा पदर मिटला नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"तू शिकलेली हायस, सिस्टर. नीट बगून सांग. माजाच ना?"

ते हाड कुणाचं होतं ते मला ठाऊक होतं, बायला ठाऊक होतं, आणि मला वाटतं हिराबायलाही होतं. मी वाकले, ते हातात घेऊन दोन्ही बाजूंनी उजेडात बघितलं आणि पुन्हा तिच्या ओटीत ठेवलं.

"हो," मी म्हणाले, "तुमचाच."